चाहत्यांनी बनवलेले शूटर मॉड मंडळाच्या संगणकांवर घालावेत का?

प्रश्न – डिचोलीकर

सर्वांना सप्रेम नमस्कार. आमच्या वाड्यावरील तरुण मंडळाच्या खोलीत बारा जुने संगणक आहेत. शेजारचा एक संगणक वर्ग बंद झाला तेव्हा ते आम्हांला अल्प किमतीत मिळाले. सगळ्यांवर विंडोज ७ आहे, चार जीबी रॅम आहे, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड एकाही संगणकात नाही. यंदा चवथीच्या सुटीत, रात्रीची आरती आणि भजन आटोपल्यावर, मुलांसाठी दोन संघांचे सामने ठेवावेत असे ठरत आहे. पावसात आमच्याकडे इंटरनेटचा भरवसा नसतो, म्हणून सगळे लॅनवरच, म्हणजे खोलीतले संगणक एकमेकांना जोडूनच, चालले पाहिजे.

मुलांची मागणी आहे ती जुन्या शूटर (बंदुकीच्या लढाईच्या) गेमवर चाहत्यांनी बनवलेल्या एखाद्या मॉडची, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून केलेल्या नव्या खेळाची. त्यांतील दोघांना तर आपल्याच परिसराचा मॅप, म्हणजे गेममधील लढण्याची जागा, तयार करायचा आहे. मला त्यांचा उत्साह मोडायचा नाही. परंतु गेल्या वर्षी कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवलेल्या एका मॉडमुळे आमचे तीन संगणक व्हायरसने बंद पडले होते आणि दुरुस्तीचा खर्च मंडळाच्या वर्गणीतून करावा लागला. त्यामुळे यंदा हो म्हणण्यापूर्वी मला नीट समजून घ्यायचे आहे की, कंपनीने विकलेल्या गेमपेक्षा अशा मॉडमध्ये चांगले काय असते, कच्चे काय असते, आणि आमच्यासारख्या ठिकाणी त्यातले काय निभावेल.

उत्तर – म्हापसेकर

डिचोलीकर, नमस्कार. मी २००१ पासून सहा वर्षे म्हापसा बाजाराजवळ आठ संगणकांचे सायबर कॅफे चालवत होतो आणि त्या सहा वर्षांतील माझ्या उत्पन्नाचा मोठा भाग चाहत्यांच्या हातून घडलेल्या एका मॉडने मिळवून दिला, म्हणून या विषयावर मनापासून लिहितो.

ही परंपरा १९९३ च्या ‘डूम’पासूनची आहे. त्या गेमचे मॅप, चित्रे आणि आवाज मुख्य प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेले होते, त्यामुळे प्रोग्रामला हात न लावता कोणालाही आपला मॅप त्यात घालता येत असे. १९९६ च्या ‘क्वेक’ने पुढची पायरी गाठली आणि गेमचे नियमच बदलण्याची सोय चाहत्यांना दिली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयन कॉघली या तिघांनी ‘टीम फोर्ट्रेस’ हा मॉड काढला. संघातील एकाने जखमींवर उपचार करावेत, दुसऱ्याने यंत्रे उभारावीत, तिसऱ्याने शत्रूचा वेश घेऊन आत शिरावे, अशी कामांची वाटणी आज असंख्य गेममध्ये दिसते. तिचा प्रसार या मॉडने फार मोठ्या प्रमाणात केला. पुढे मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’वर ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला. त्याची पहिली चाचणी आवृत्ती जून १९९९ मध्ये आली, २००० मध्ये मूळ गेमची निर्माती असलेल्या व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेतला आणि त्याच वर्षअखेरीस तो खोक्यातून दुकानात आला.

या सगळ्यात चाहत्यांचे बळ कुठे होते, ते मी कॅफेत उभा राहून पाहिले आहे. त्या काळच्या बऱ्याचशा शूटर गेममध्ये मेलेला खेळाडू क्षणात पुन्हा जिवंत होऊन धावत सुटत असे. काउंटर-स्ट्राइकमध्ये मेलेल्याने राउंड संपेपर्यंत बसून राहायचे असते. कागदावर हा नियम कंटाळवाणा वाटेल. प्रत्यक्षात त्यामुळे प्रत्येक जीव मोलाचा झाला, मुले दबक्या पावलांनी चालू लागली, एकमेकांना हाका मारून वाट विचारू लागली. आणि माझ्याकडे तर असे घडले की, जो मेला तो खुर्चीवरून उठायचा आणि मागे उभा असलेला पुढच्या राउंडला बसायचा. आठ संगणकांवर शिवोली, हळदोणा, अस्नोडा इथून आलेली पंधरा-सोळा मुले संध्याकाळभर खेळत. खेळाडूला बसवून ठेवण्याचा असा धोका विक्रीवर डोळा ठेवणाऱ्याने सहसा पत्करला नसता. चाहत्याला तो पत्करता येतो, कारण तो आधी स्वतःला आवडणारा खेळ बनवत असतो आणि पटले नाही तर महिन्या-दोन महिन्यांत नवी आवृत्ती काढतो.

उणीवही याच मोकळेपणातून येते. एका शनिवारी एका मुलाने घरून सीडीवर एक मॅप आणला. नाव तेच, चित्र तेच, तरीही आठपैकी पाच संगणकांनी ‘तुमचा मॅप सर्व्हरच्या (सामना चालवणाऱ्या संगणकाच्या) मॅपपेक्षा वेगळा आहे’ असे सांगून आत घेण्याचे नाकारले. मॅप करणाऱ्याने एक भिंत सरकवून, नावातला आवृत्तीचा आकडा न बदलता, तीच फाइल पुन्हा प्रसिद्ध केली होती. कोणती फाइल कुठली, हे लावता लावता रात्रीचे नऊ वाजले आणि मुले न खेळताच शेवटच्या बसने घरी गेली. तेव्हापासून मी एक नियम पाळला: एका संगणकावर संपूर्ण फोल्डर पारखून घ्यायचे, त्याची प्रत वेगळी काढून ठेवायची आणि उरलेल्या प्रत्येक संगणकावर तीच प्रत जशीच्या तशी टाकायची. आपणही तेच करावे.

उत्तर – जांभा

म्हापसेकरांनी खेळणाऱ्यांची बाजू मांडली आहे, मी बनवणाऱ्यांची मांडतो. फर्मागुडीला शिकत असताना आम्ही पाच जणांनी हाफ-लाइफवर गोव्याचा एक मॉड करायला घेतला होता. तो कधीच पूर्ण झाला नाही, पण त्यातून जे शिकलो ते आपल्या त्या दोन मुलांच्या उपयोगी पडेल.

आम्ही पहिला मॅप केला तो शापोरा किल्ल्याचा. दोन रविवार किल्ल्यावर घालवले, पावलांनी तटाची लांबी मोजली, जांभ्या दगडाचे जवळून फोटो काढून त्यांची चित्रे भिंतींवर चढवली. बुरुज दिसायला इतका हुबेहूब झाला की, आम्ही तासभर नुसते त्यात फिरत राहिलो. मग दहा जणांना खेळायला बसवले आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळे फसले. शापोरा म्हणजे भोवती तट आणि आत मोकळे पठार. एका बुरुजावर स्नायपर घेऊन बसलेल्या मुलाला समोरचा संपूर्ण किल्ला दिसत होता आणि कोणीही आडोशाबाहेर आले की पडत होते. त्यातच संगणक रखडू लागले. त्या जुन्या इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, मॅप तयार करताना, कोणत्या जागेवरून कोणती जागा दिसू शकते याचा हिशेब आधीच करून ठेवला जातो, म्हणजे खेळताना भिंतीआडचे काही रंगवावे लागत नाही. मोकळ्या पठारावर सगळीकडून सगळेच दिसते, त्यामुळे त्या हिशेबाचा लाभ शून्य. मॅप करणारे तेव्हा एका नजरेत दिसणारे पृष्ठभाग आठशेच्या आत ठेवावेत असे एकमेकांना बजावत; आमच्या तटावरून ते त्याच्या कितीतरी पुढे गेले होते.

दुसरा मॅप आम्ही पणजीच्या मळ्याजवळील फोंताइन्हासच्या गल्ल्यांचा केला आणि तो एका आठवड्यात रंगला, कारण अरुंद वाट, दर वीस पावलांवर वळण, जिना, परसदार, विहीर, बाल्कनी हे सगळे त्या जागेत मुळातच आहे. खऱ्या जागेचे मोजमाप मात्र आम्हांला मोडावे लागले. दारे रुंद केली, एक गल्ली बंद केली, एक नसलेला जिना घातला. अचूक प्रतिकृती आणि खेळण्याजोगी जागा या दोहोंत चाहत्याचा जीव पहिल्यात अडकतो, कारण त्याचे त्या जागेवर प्रेम असते. ही मॉडमधील नेहमीची उणीव आहे आणि तिच्यावर एकच उपाय मला माहीत आहे: भिंतींवर चित्रे चढवण्यापूर्वी नुसत्या करड्या ठोकळ्यांचा मॅप करून तो दहा वेळा खेळून पाहणे.

आमचा मॉड का थांबला, तेही सांगतो. पाचांपैकी तिघे चित्रे काढत, एक आवाज जुळवत असे आणि प्रोग्राम लिहिणारा फक्त एकच होता. त्याला पुण्यात नोकरी लागली. उरलेल्यांकडे सुंदर बुरुज होते, आणि गोळी लागली की खेळाडू दारात अडकून पडण्याचा दोष दुरुस्त करणारे कोणी नव्हते. पगार नसलेल्या कामात एक माणूस गेला की त्याच्या हाताखालचे सगळे काम जागच्या जागी थांबते, आणि जगभरच्या असंख्य मॉडचा शेवट असाच झालेला आहे. जे पूर्ण झाले त्यांनाही दुसरी अडचण होती, ती माणसांची. एकट्याने खेळायचा मॉड वीस वर्षांनीही उघडून खेळता येतो. अनेकांनी मिळून खेळायच्या मॉडमध्ये समोर कोणी नसेल तर तो कितीही उत्तम असो, आत रिकामे मैदान असते. २००२ च्या ‘नॅचरल सिलेक्शन’मध्ये एका संघाचा सेनापती वरून नकाशा पाहून डावपेच आखत असे आणि बाकीचे प्रत्यक्ष लढत. कल्पना अप्रतिम होती. पण सेनापतीपदी अनाडी बसला तर अख्ख्या संघाचा तास वाया जाई. नवख्याला शिकवणारे जाणकार सर्व्हरवर हजर असले तरच असा मॉड टिकतो.

मात्र जे टिकले त्यांचे कर्तृत्व लहान नाही. ‘रेड ऑर्केस्ट्रा’ हा ‘अनरिअल टूर्नामेंट’वरचा मॉड, त्याने मूळ इंजिन बनवणाऱ्यांच्याच स्पर्धेत पहिले बक्षीस मिळवले, बक्षिसात इंजिन वापरण्याचा परवाना मिळाला आणि त्या मंडळींनी कंपनी काढून २००६ मध्ये स्वतंत्र गेम बाजारात आणला. ‘बॅटलफील्ड २’वरील ‘प्रोजेक्ट रिॲलिटी’ने तर मूळ गेमलाच मागे टाकले. २०१४ मध्ये गेमस्पाय ही खेळाडूंना सर्व्हर शोधून देणारी सेवा बंद झाल्यावर कित्येक जुन्या गेमचे सर्व्हर सापडेनासे झाले, परंतु या मॉडच्या लोकांनी आपली व्यवस्था आपणच उभारली आणि पुढे तो मूळ गेमशिवाय चालू लागला. एवढी चिकाटी पैशासाठी कोणी दाखवत नाही.

उत्तर – काणकोणकर

मी नेटवर्क सुरक्षेचे काम करतो, म्हणून आपल्या बंद पडलेल्या तीन संगणकांविषयी आधी लिहितो. मॉड म्हणजे नुसती चित्रे आणि मॅप असतील तर धोका कमी. बऱ्याच मॉडमध्ये मात्र प्रोग्रामचा भाग असतो आणि तो कोणत्या पद्धतीने चालतो यावर सगळे अवलंबून आहे. ‘क्वेक’मध्ये चाहत्यांचा प्रोग्राम गेमच्या आत, एका बंदिस्त आभासी यंत्रात चालत असे, त्याला आपल्या संगणकातील इतर फाइलींपर्यंत सहज पोहोचता येत नसे. ‘क्वेक २’ आणि ‘हाफ-लाइफ’ यांनी वेगासाठी डीएलएल स्वीकारली. डीएलएल म्हणजे विंडोजवर थेट चालणारा प्रोग्राम. ती चालवणे आणि अनोळखी माणसाने दिलेली कोणतीही एक्झी फाइल चालवणे यांत सुरक्षेच्या दृष्टीने काही फरक नाही. ‘क्वेक ३’ पुन्हा आभासी यंत्राकडे वळला. यावरून मॉड कोणाच्या हातून उतरवला, हे पाहणे किती महत्त्वाचे आहे ते ध्यानात यावे. बनवणाऱ्यांच्या मूळ ठिकाणावरूनच घ्यावा. ‘सर्व मॉड एकत्र’ असे सांगून गेमची चोरलेली प्रतही सोबत देणाऱ्या गठ्ठ्यांना हात लावू नये. गेल्या वर्षी आपल्याला बहुधा असलाच गठ्ठा भोवला असावा.

फसवणुकीची बाजूही आहे. भिंतीपलीकडचे दाखवणाऱ्या, नेम आपोआप लावणाऱ्या प्रोग्रामविरुद्ध मोठ्या कंपन्या सतत माणसे कामाला लावतात. मॉडकडे तेवढे बळ नसते. परंतु एका खोलीतल्या लॅनवर बारा मुले खांद्याला खांदा लावून बसलेली असताना हा प्रश्न उरत नाही. लॅगचेही, म्हणजे माहिती उशिरा पोहोचण्याचेही, तसेच. लॅनवर माहिती पोहोचायला एक-दोन मिलिसेकंद लागतात, त्यामुळे मॉडचे नेटवर्क काम थोडे कच्चे असले तरी ते जाणवत नाही. म्हणजे मॉडच्या दोन मोठ्या उणिवा आपल्या खोलीच्या दाराबाहेरच राहतात.

कायद्याविषयी थोडक्यात. मॉड हा बहुतेक वेळा मूळ गेमच्या मालकाच्या अनुमतीवर जगतो आणि ही अनुमती विनाव्यावसायिक वापरापुरती असते, म्हणून सामन्यांना प्रवेश शुल्क लावू नये. ती अनुमती उद्या बदलूही शकते: २०२१ मध्ये ‘टीम फोर्ट्रेस २’वरील चाहत्यांच्या दोन मोठ्या प्रकल्पांना व्हॉल्व्हच्या विनंतीवरून आपले डाउनलोड थांबवावे लागले; पुढे २०२५ मध्ये त्याच कंपनीने त्या गेमचा कोड मॉड करणाऱ्यांसाठी खुला केला. मधली वर्षे त्या मुलांनी कशी काढली असतील, याचा विचार करून मला आजही वाईट वाटते.

डिचोलीकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. दोन गोष्टी अजून विचारतो. पहिली अशी की, विंडोज ७ वर स्टीम (गेम विकत घेण्याचा आणि उतरवण्याचा व्हॉल्व्हचा प्रोग्राम) चालत नाही, असे मुले सांगतात. ते खरे आहे काय? दुसरी अशी की, मंडळातील ज्येष्ठांना चवथीच्या दिवसांत बंदुकीचा खेळ पटत नाही. त्यांचे म्हणणे मी डावलू इच्छित नाही.

काणकोणकर

खरे आहे. जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून घेतला आहे. तसे नसते तर मी ‘स्वेन को-ऑप’ सुचवला असता. तो १९९९ पासून चालत आलेला मॉड आहे, त्यात सगळे एका बाजूने राक्षसांविरुद्ध लढतात, आणि २०१६ पासून तो मूळ गेमशिवाय फुकट मिळतो. संगणक नवे कराल तेव्हा तो अवश्य घ्यावा.

आज आपल्यासाठी ‘अर्बन टेरर’ पाहावा. तो ‘क्वेक ३’वरचा मॉड म्हणून सुरू झाला. त्या गेमच्या इंजिनचा कोड २००५ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाला, त्यामुळे आता त्याला मूळ गेमही लागत नाही आणि स्टीमही लागत नाही. त्यातील नियमांचा भाग आभासी यंत्रात चालतो. मॅप पीके३ फाइलमध्ये असतात. ही फाइल म्हणजे निव्वळ झिप असते, तेव्हा उघडून आत काय आहे ते पाहता येते. शिवाय प्रत्येकाकडे सर्व्हरसारखीच फाइल आहे की नाही, हे सर्व्हर स्वतः तपासू शकतो. बारा खेळाडूंसाठी तेरावा संगणक लागणार नाही. त्यातल्याच एकावर सर्व्हर चालेल.

म्हापसेकर

ज्येष्ठांचे म्हणणे मला मोलाचे वाटते. माझ्याकडे बारा वर्षांखालील मुलांना मी हा खेळ देत नसे आणि त्यासाठी काही पालकांशी वादही झाला. अर्बन टेररमध्ये झेंडा पळवण्याचा प्रकार आहे. सामने तेवढ्याच प्रकाराचे ठेवावेत, वयाची अट फलकावर लिहावी आणि दिवस निवडायचेच असतील तर विसर्जनानंतरचे निवडावेत. दिवाळीच्या सुटीपर्यंत थांबलात तर पाऊसही ओसरलेला असेल आणि वीजही कमी वेळा जाईल. मॉडच्या मॅपला त्या वाढीव दोन महिन्यांचा उपयोगच होईल.

जांभा

मॅपसाठी मुलांनी देवळाचे प्रांगण निवडले असेल तर कृपया त्यांना परावृत्त करावे; लोकांचे मन दुखावेल आणि मोकळ्या चौकात खेळही शापोऱ्यासारखाच फसेल. आपल्या तालुक्यात त्याहून सरस जागा पडून आहे. बंद खाणीवरची वर्कशॉपची शेड आणि नदीकाठचा, खनिज बार्जमध्ये भरण्याचा धक्का मुलांनी लहानपणापासून पाहिलेला असेल. खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्याखालून जाणारी अंधारी वाट, पत्र्याच्या शेडमधले खांब, वजनकाट्याची खोली, तिच्या मागचा चढ, एवढ्यात दोन झेंड्यांसाठी प्रत्येकी तीन वाटा आपोआप मिळतात. ‘क्वेक ३’चे मॅप नेटरेडिअंट या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये करता येतात आणि आपल्या संगणकांवर तो चालेल.

डिचोलीकर

काल मंडळाची बैठक झाली. सामने दिवाळीच्या सुटीत, विनाशुल्क आणि झेंड्याचेच ठेवण्याचे ठरले; ज्येष्ठांनीही त्याला संमती दिली. एका संगणकावर अर्बन टेरर घालून पाहिला, तो व्यवस्थित चालला. उरलेल्या अकरांवर तीच प्रत रविवारी टाकत आहोत आणि एक प्रत मंडळाच्या कपाटात पेनड्राइव्हवर ठेवत आहोत. खाणीच्या धक्क्याची कल्पना मुलांना इतकी आवडली की, त्यांतील एकाचे वडील तिथे पंधरा वर्षे पट्टा चालवत होते, ते स्वतः मुलांसोबत बसून कागदावर आराखडा काढत आहेत.

जांभा, आपल्याला एकच विचारायचे आहे: पट्ट्याची खरी उंची दोन मजली घराएवढी आहे. मुलांना ती तशीच हवी आहे. वरून उडी मारल्यास खेळाडू मरेल, हे ठोकळ्यांच्या मॅपमध्येच दिसून आले. उंची कमी करावी की वर चढायची वाटच ठेवू नये?

जांभा

वाट ठेवावी, उंची अर्ध्यावर आणावी आणि पट्ट्याच्या खाली खनिजाचा एक ढीग घालावा, म्हणजे उडी मारणाऱ्याला टप्प्याटप्प्याने उतरता येईल. ढीग धक्क्याच्या बाजूला झुकलेला ठेवा; नाहीतर वर बसलेल्या मुलाला दोन्ही झेंडे एकाच वेळी दिसतील. ठोकळ्यांची फाइल मला पाठवलीत तर शनिवारपर्यंत खेळून पाहतो.